गाडी ठाण्याच्या पुढे गेली तेव्हा

दर वर्षी १६ एप्रिल, म्हणजे देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली तो दिवस, जवळ आला की ठाणे स्टेशनाविषयीचा ठरावीक मजकूर फिरू लागतो. बोरीबंदर, चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिने आणि एकवीस तोफांची सलामी. त्यात खोटे काही नाही आणि ठाणेकर म्हणून मलाही त्याचा अभिमान आहे. माझी तक्रार एवढीच आहे की पहिली गाडी संध्याकाळी मुंबईला परतली की हा मजकूर संपतो आणि त्यानंतर एकदम आजच्या गर्दीच्या छायाचित्रापाशी येऊन थांबतो. मधल्या पावणेदोनशे वर्षांच्या आसपासच्या काळात हे स्टेशन कसे घडले, त्याचे फलाट असे का रचले गेले, पूर्वेपेक्षा पश्चिमेलाच त्याचे तोंड का राहिले आणि संध्याकाळी त्याच्या पुलांवर माणूस अडकून का पडतो, याचा त्या एका दिवसाशी फारसा संबंध नाही. ठाणे शेवटचे स्टेशन म्हणून जेमतेम वर्षभर नांदले. आज आपण जे स्टेशन वापरतो ते गाडी ठाण्याच्या पुढे गेल्यामुळे तयार झाले आहे, आणि पुढच्या गावांच्या गरजांनीच त्याला आजवर आकार दिला आहे, असे माझे मत आहे.

मुळात रेल्वेला ठाण्याला यायचे नव्हतेच. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीत रेल्वेची कल्पना सुचली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कुर्ला, ठाणे, कल्याण आणि त्यापलीकडचे थळ व बोर हे दोन घाट होते. देशावरचा आणि वऱ्हाडातला कापूस घाट उतरून बंदरावर यायला बैलगाड्यांच्या तांड्यांना जो वेळ लागे, तो व्यापाऱ्यांना परवडेनासा झाला होता. १८४६ मध्ये अमेरिकेतील कापसाचे पीक बुडाल्यानंतर मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचे लक्ष हिंदुस्थानच्या कापसाकडे अधिकच वळले. इकडे जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांनी १८४५ पासून या कामी पुढाकार घेतला होता, आणि पुढे स्थापन झालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या संचालक मंडळावर हे दोघे हिंदी गृहस्थ होते. नाना शंकरशेटांनी तर आपल्या गिरगावातील वाड्याचा काही भाग कंपनीच्या कचेरीसाठी दिला होता. १८४९ मध्ये विलायतेच्या संसदेने कंपनीला कायदेशीर रूप दिले आणि ईस्ट इंडिया कंपनीशी जो करार झाला, तो मुंबईपासून कल्याणच्या दिशेने सुमारे ३५ मैलांचा प्रायोगिक मार्ग बांधण्याचा होता. गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली होती. म्हणजे कागदावरचा पहिला पल्लासुद्धा कल्याणचा होता, ठाण्याचा नव्हता.

मग पहिली गाडी ठाण्यापर्यंतच का धावली, याचे उत्तर भूगोलात आहे. ठाणे हे साष्टी बेटाच्या पूर्व काठावर वसलेले गाव असून त्याच्या पलीकडे खाडी आहे, आणि खाडी ओलांडली की समोर पारसिकचा डोंगर उभा राहतो. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली आणि फॅव्हिएल व फाउलर हे कंत्राटदार यांनी ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामाला आरंभ केला. शीव ते ठाणे हा टप्पा बव्हंशी सपाट, भराव आणि दलदल यांचा होता आणि त्यामानाने लवकर उरकला. खाडीवरचा पूल आणि डोंगरातले खोदकाम यांना मात्र वेळ लागणारच होता, त्यामुळे तयार झालेला तुकडा अगोदर सुरू करण्यात आला. ठाण्याला मिळालेला मान हा असा अभियंत्यांच्या वेळापत्रकातून मिळाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दिवसाचे महत्त्व कमी होत नाही, पण त्याचा अर्थ थोडा बदलतो.

त्या दिवसाविषयी फार लिहीत नाही, कारण ते सर्वांना पाठ आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी गाडी ओढली, ३४ किलोमीटरचे अंतर सत्तावन्न मिनिटांत कापले, ठाण्याला पाहुण्यांसाठी तंबू ठोकून फराळाची व्यवस्था केलेली होती आणि संध्याकाळी मंडळी मुंबईला परतली. मला मौज वाटते ती एका गोष्टीची: मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड या समारंभाला हजरच नव्हते. ते आदल्या दिवशी थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते आणि त्यांचा बँड मात्र बोरीबंदरला वाजत होता.

१ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. खाडीवर दगडी कमानींचे पूल उभे राहिले आणि पारसिकच्या पायथ्याला वळसा घालत, वाटेत दोन छोटे बोगदे पाडून रूळ मुंब्र्याच्या बाजूने पुढे नेण्यात आले. कल्याणला मार्गाचे दोन फाटे झाले. एक फाटा कसाऱ्याकडे गेला व १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोचला, तर दुसरा कर्जतमार्गे १८६३ मध्ये बोर घाट चढून पुण्याच्या मार्गाला मिळाला. या दोन्ही मार्गांवरची प्रत्येक गाडी ठाण्यातूनच जाणार, हे त्याच वेळी ठरून गेले. जंक्शन होण्याचा मान कल्याणला मिळाला आणि जंक्शनचा भार मात्र ठाण्याच्या रुळांवर आला. ठाण्याचे बंदरही हळूहळू मागे पडत गेले, कारण जो माल पूर्वी होडीने येऊन येथे उतरत असे, तो आता न थांबता पुढे जाऊ लागला.

गावाच्या रचनेवर रुळांनी जी रेघ ओढली, ती अजून पुसलेली नाही. बाजारपेठ, मासुंदा तलाव, कौपिनेश्वराचे देऊळ, कोर्टकचेऱ्या आणि किल्ल्यातला तुरुंग हे सगळे पश्चिमेला पडले. पूर्वेला कोपरी, मीठबंदर आणि खाडीचा काठ उरला. चेंदणीचा कोळीवाडा तर रुळांच्या दोन्ही अंगांना आहे. कोळीवाड्यातल्या जुन्या मंडळींशी बोलताना लक्षात येते की त्यांच्या लेखी चेंदणी हे एकच गाव असून ठाणे पूर्व आणि ठाणे पश्चिम हा भेद नंतर आलेल्यांनी केलेला आहे. पण स्टेशनाचे सारे व्यवहार पश्चिमेकडेच वाढत गेले. जांभळी नाका आणि स्टेशन रोड यांच्या गजबजाटातून येणारी वाट हीच स्टेशनाची मुख्य वाट ठरली, आणि एवढ्या मोठ्या शहराला एकाच तोंडाने आत-बाहेर करावे लागण्याची सवय तेव्हापासून लागली.

यानंतर ठाण्याच्या बाबतीत सर्वांत परिणामकारक घटना घडली ती १९१६ मध्ये, आणि तिची जयंती कोणी साजरी करीत नाही. त्या वर्षी पारसिकच्या डोंगरातून आरपार जाणारा सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा वाहतुकीस खुला झाला. तेव्हा तो देशातल्या सर्वांत लांब बोगद्यांपैकी एक होता. ठाणे आणि कल्याण यांच्यामध्ये चार रूळ टाकायचे तर डोंगराच्या कुशीतून मुंब्र्याला वळसा घालणारा जुना मार्ग पुरणार नव्हता, म्हणून नवे दोन रूळ सरळ डोंगर फोडून दिव्याच्या दिशेने नेण्यात आले. ठाणे सोडून खाडी ओलांडली की दोन वाटा वेगळ्या होत असत: धीम्या गाड्या कळवा-मुंब्रा करीत डोंगराच्या कडेने जात आणि जलद गाड्या बोगद्यात शिरत. आमच्या लहानपणी फास्ट गाडीतून कल्याणला जायचे म्हणजे बोगदा लागणार, या एका गोष्टीसाठी आम्ही खिडकी सोडत नसू. बोगदा सुरू होताच डब्यातली पोरे एकसुरात ओरडायची आणि मोठी माणसे त्यांना दटावायची, तोवर पलीकडे उजेड दिसू लागायचा.

स्लो आणि फास्ट ही आपल्या बोलण्यातली विभागणी ठाण्याच्या प्रवाशाच्या हाडीमाशी खिळलेली आहे. कांजूर, नाहूर किंवा विक्रोळीच्या प्रवाशाला फास्ट गाडी नुसती समोरून जाताना दिसते. ठाण्याचा प्रवासी मात्र रोज निवड करतो: स्लोमध्ये बसायला मिळण्याची थोडीफार आशा धरायची, की फास्टमध्ये उभे राहून वेळ वाचवायचा. ही निवड करता यावी म्हणून स्टेशनाला दोन्ही मार्गांचे फलाट लागले आणि ते एकमेकांना जोडणारे पूल लागले. ठाण्याच्या पुलांवरची गर्दी म्हणजे स्टेशनात शिरणारी-निघणारी माणसे एवढाच त्याचा हिशेब नाही. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाणारे त्यात फार मोठ्या संख्येने असतात.

दुसरा मोठा बदल विजेचा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली आणि १९२९ पर्यंत विजेच्या तारा ठाणे, कल्याण ओलांडून पुण्यापर्यंत पोचल्या. त्यांना वीज पुरवण्यासाठी ठाकुर्लीजवळ कोळशावर चालणारे वीजघर उभारण्यात आले, ज्याला आजही जुने डोंबिवलीकर चोळे पॉवर हाऊस म्हणतात. वाफेच्या इंजिनाची गाडी शेवटच्या स्टेशनाला पोचली की इंजिन सोडायचे, दुसऱ्या रुळावरून फिरवून मागच्या टोकाला आणायचे, पाणी भरायचे, असा सोपस्कार असे. विजेच्या लोकलच्या दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असल्यामुळे ती आल्या फलाटावरून काही मिनिटांत उलट निघू शकते. शिवाय तिला वेग पटकन पकडता येत असल्याने जवळजवळची स्टेशने घेणे परवडते. 'ठाणे लोकल' नावाची जी गोष्ट आहे, म्हणजे ठाण्याहून सुटणारी आणि ठाण्यालाच संपणारी गाडी, ती इतक्या मोठ्या प्रमाणावर चालवणे यामुळेच शक्य झाले. वर्षभरात हातचे गेलेले शेवटच्या स्टेशनाचे पद ठाण्याला या अर्थाने निम्मेशिम्मे परत मिळाले. १५०० व्होल्टची ती एकदिश (डीसी) वीजप्रणाली मध्य रेल्वेवर एप्रिल २०१६ पर्यंत टिकली. तिच्या जागी टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह आला, आणि बहुसंख्य प्रवाशांना त्याची जाणीव झाली ती केवळ मेगाब्लॉकच्या जाहीर सूचनांमधून.

ठाणे लोकलमुळे जो एक जुना वाद जन्माला आला, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. कर्जत, कसारा, बदलापूरकडून येणाऱ्या प्रवाशाचे म्हणणे असे की ठाणेकराला स्वतःच्या गाड्या असताना त्याने आमच्या गाडीत का चढावे. ठाणेकराचे म्हणणे असे की पास सर्वांचा सारखाच आहे. कळव्याचा प्रवासी या दोघांवरही कडी करतो आणि कारशेडमधून बाहेर पडणारी रिकामी लोकल तिथेच गाठून ठाण्याच्या फलाटावर बसलेला असा दाखल होतो. रुळांवरून चालत जाऊन कारशेडमध्ये गाडी पकडणे धोक्याचे आणि बेकायदा आहे, हे त्यालाही ठाऊक असते. पण ठाण्याला आलेल्या गाडीत पाय ठेवायला मिळणार नाही, हेही त्याला तितकेच ठाऊक असते.

स्वातंत्र्यानंतर या स्टेशनाचे गणित उद्योगांनी बदलले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यांची पहिली वसाहत ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखाने आले. मुंबईला कामाला जाणाऱ्यांचे ठाणे आता कामाला येणाऱ्यांचेही झाले, आणि सकाळी मुंबईच्या दिशेने रिकामी होणाऱ्या फलाटांवर कल्याण-डोंबिवलीकडून, भांडुप-मुलुंडकडून येणारे कामगार उतरू लागले. पुढे कारखाने बंद पडत गेले, त्यांच्या जागी निवासी संकुले आणि कचेऱ्या आल्या आणि वस्ती घोडबंदर रोडवर सरकली. तिथे पिढीजात ठाणेकर फारसा नाही, तरी स्टेशन त्याचेही हेच. आठ-दहा किलोमीटरवरून बसने किंवा शेअर रिक्षाने येऊन तो त्याच स्टेशन रोडच्या तोंडाशी उभा राहतो.

या कोंडीवर महापालिकेने काढलेला तोडगा म्हणजे सॅटिस, स्टेशन परिसरातली वाहतूक सुधारण्याची योजना. स्टेशनाच्या पश्चिमेला एक उन्नत मार्ग बांधून पालिकेच्या टीएमटी बस वर नेल्या, रिक्षा खाली ठेवल्या आणि वरचा भाग थेट रेल्वेच्या पादचारी पुलांना जोडला. सॅटिसला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत आणि खालच्या रिक्षांच्या रांगेत पावसाळ्यात उभे राहिल्यावर मीही ठेवतो. पण बसमधून उतरलेल्या माणसाला रस्ता न ओलांडता, जिना न चढता पुलावर पोचता येते, ही सोय मुंबईच्या उपनगरांतल्या किती स्टेशनांना आहे, हा विचार केला की टीकेची धार जरा कमी होते. पूर्वेला कोपरीच्या बाजूसही सॅटिसचे काम हाती घेण्यात आले आहे. ते पूर्ण झाले तर स्टेशनाला खऱ्या अर्थाने दुसरे तोंड मिळेल.

नोव्हेंबर २००४ मध्ये ट्रान्स हार्बर मार्ग सुरू झाला आणि ठाणे प्रथमच खऱ्या अर्थाने जंक्शन झाले. सिडको आणि रेल्वे यांनी ६७ आणि ३३ टक्के या प्रमाणात खर्च वाटून घेतलेल्या नवी मुंबईच्या रेल्वे प्रकल्पांपैकी हा एक. ठाण्याहून निघून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे करीत वाशीला, नेरुळला किंवा पनवेलला जाता येऊ लागले. त्याआधी डोंबिवलीच्या माणसाला नवी मुंबईतल्या कामावर जायचे तर ठाण्याहून बस धरावी लागे किंवा थेट कुर्ल्यापर्यंत जाऊन हार्बरने परत मागे यावे लागे. कारखान्यांचा ठाणे-बेलापूर पट्टा त्याच सुमारास माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांकडे झुकत होता, त्यामुळे मार्गाला प्रवाशांची वाट पाहावी लागली नाही. मध्य रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकलसुद्धा जानेवारी २०२० मध्ये याच मार्गावर धावली.

या मार्गासाठी पूर्वेकडच्या टोकाला नऊ, दहा आणि दहा-अ हे फलाट देण्यात आले, आणि ठाण्याच्या आजच्या दुखण्याचे मूळ इथे आहे. संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास पनवेलहून आलेली गाडी दहा नंबरवर रिकामी होते तेव्हा काय घडते, ते एकदा नीट पाहण्यासारखे आहे. उतरलेल्यांपैकी थोडेच लोक बाहेर पडतात. बाकीच्यांना कल्याणच्या दिशेची गाडी हवी असते, ती धीमी असेल की जलद हे ठाऊक नसते, आणि खाली चुकीच्या फलाटावर उतरलो तर पुन्हा जिना चढावा लागेल हे मात्र पक्के ठाऊक असते. म्हणून सगळे पुलावर चढतात आणि इंडिकेटर दिसेल अशा बेताने तिथेच थांबतात. 'प्रवाशांनी पुलावर थांबू नये' ही उद्घोषणा डोक्यावर चालू असते. माना वर, एक हात पिशवीवर, दुसरा कठड्यावर. पाच नंबरवर बदलापूर लागल्याचे दिसले की हा सगळा जमाव एकदम जिन्याकडे वळतो, आणि त्याच जिन्याने फास्ट गाडीतून उतरलेले लोक वर येत असतात. दोन्ही प्रवाह जिन्याच्या मधल्या सपाट पायरीवर समोरासमोर येतात आणि काही क्षण कोणीच हलत नाही. यात शिस्तीचा अभाव आहे असे म्हणणारा माणूस बहुधा या वेळेला या पुलावर आलेला नसतो. फलाट गाड्यांच्या सोयीने मांडलेले आहेत आणि माणसांना मात्र त्यांच्यावरून आडवे जायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पाच आणि सहा या जलद गाड्यांच्या फलाटांवर तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी गाड्या लागल्या की जीव मुठीत धरावा लागे. शेवटी ३१ मे ते २ जून २०२४ असा ६३ तासांचा ब्लॉक घेऊन पाच नंबरचा फलाट दोन ते तीन मीटर रुंद करण्यात आला. त्या तीन दिवसांत उपनगरी गाड्यांच्या ९३० फेऱ्या रद्द झाल्या, कचेऱ्यांना शक्य असेल तर घरून काम द्या अशी विनंती रेल्वेला करावी लागली, आणि त्याच वेळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाही फलाट लांबवण्याचे काम चालू होते. काम कसे झाले ते मला विशेष वाटले. नेहमीच्या पद्धतीने भिंत बांधून भराव घालत बसले असते तर कित्येक आठवडे गेले असते. त्याऐवजी रूळ बाजूला सरकवून, कारखान्यात आधीच ओतून ठेवलेले काँक्रीटचे पोकळ ठोकळे फलाटाच्या कडेने एकाला एक लावत नेण्यात आले. आता त्या फलाटावर उभे राहिले की जुनी कड आणि नवी लादी यांच्यामधला सांधा काही ठिकाणी पायाखाली स्पष्ट कळतो. त्या पट्ट्याने खांबांच्या बाजूला उभे राहण्यापुरती आणि दोन माणसे एकमेकांना न ढकलता जाण्यापुरती जागा दिली. पुलावरच्या गर्दीला त्याचा उपयोग नाही, पण फलाटावर फरक पडला आहे, हे रोज जाणारा कोणीही मान्य करील.

लांब पल्ल्याच्या गाड्यांचा भाग मी थोडक्यात आटोपतो. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून ठाणे हे कोकणात जाणाऱ्यांचे हक्काचे स्टेशन झाले. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन रात्री इथल्या फलाटांवर गोणपाटात बांधलेले सामान, मखराचे थर्माकोल जाऊन आलेले पुठ्ठ्याचे गठ्ठे आणि झोपलेली मुले यांतून वाट काढणे हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या गाड्यांना लोकलच्या रुळांवरून वाट द्यावी लागू नये म्हणून ठाणे ते दिवा या टप्प्यात पाचवी आणि सहावी मार्गिका टाकण्यात आली. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पातल्या या कामाला दशकाहून अधिक काळ लागला, सुमारे ६२० कोटी रुपये खर्च झाला आणि १८ फेब्रुवारी २०२२ रोजी तिचे लोकार्पण झाले. तिच्यामुळे ३६ नव्या फेऱ्या मिळाल्या, पण त्यांतल्या बहुतेक वातानुकूलित असल्याने साध्या पासवाल्याच्या वाट्याला फारसे काही आले नाही. आणखी एक बदल झाला ज्याची चर्चा कमी झाली: जलद लोकल आता १९१६ च्या बोगद्यातून जात नाहीत. बोगदा मेल-एक्स्प्रेस गाड्यांना दिला गेला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने टाकलेल्या नव्या रुळांवर आल्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जे वळण टाळण्यासाठी डोंगर फोडला, त्याच वळणावर आज सर्वांत भरलेल्या गाड्या येऊन पोचल्या आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडून त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. दारात कोणी हौसेने लोंबकळत नाही, हे ठाण्याला सकाळी एकदा गाडीत चढून पाहिले तर कोणालाही पटेल.

भार कमी करण्याचे दोन उपाय सध्या चर्चेत आहेत आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. पहिला आहे ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये नवे स्टेशन बांधण्याचा. त्यासाठी ठाण्याच्या मनोरुग्णालयाची काही जमीन लागणार असून २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती हस्तांतरित करण्यातला अडसर दूर केला. वागळे इस्टेट आणि घोडबंदरकडचा प्रवासी तिकडे वळेल आणि जुन्या स्टेशनावरचा ताण हलका होईल, असा त्यामागचा हिशेब आहे. हा हिशेब स्टेशनात बाहेरून येणाऱ्या माणसापुरता बरोबर आहे. दुसरा उपाय कळवा ते ऐरोली या उन्नत जोडमार्गाचा आहे. तो झाला तर कल्याणकडून येणारी गाडी ठाण्याला न शिवता कळव्यावरून परस्पर नवी मुंबईकडे वळेल. याच प्रकल्पातले दिघा गाव स्टेशन तयार होऊन बरेच महिने कुलूपबंद होते, ते १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. जोडमार्ग मात्र त्याच्या वाटेतल्या झोपडीधारकांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नापाशी अडला आहे.

मेट्रोचेही सांगून टाकतो. वडाळा-घाटकोपर-कासारवडवली ही चौथी मार्गिका स्टेशनाजवळ येतच नाही, ती तीन हात नाक्यावरून जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली २९ किलोमीटरची ठाण्याची वर्तुळाकार मेट्रो मात्र भुयारातून स्टेशनापर्यंत येणार आहे. बुलेट ट्रेनचे ठाणे स्टेशन म्हातार्डीजवळ, म्हणजे दिव्याच्या बाजूला होणार असल्याने आपल्या स्टेशनाला त्याचा ना लाभ ना त्रास.

या सगळ्यांत आधी काय व्हावे असे मला कोणी विचारले तर मी कळवा-ऐरोलीचे नाव घेईन, आणि नव्या स्टेशनाचे दुसऱ्या क्रमांकावर. नवे स्टेशन ठाणेकराला हवे आहे, नगरसेवकाला दाखवता येते आणि त्याचे भूमिपूजनही दिमाखात होते. जोडमार्गाचा फायदा दिवा, डोंबिवली, कल्याणच्या प्रवाशाला आहे, म्हणून ठाण्यात त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. परंतु संध्याकाळी दहा नंबरवरून पाच नंबरकडे निघालेला जो माणूस पुलावर मान वर करून उभा असतो, तो बहुतांशी तिकडचाच आहे. तो कळव्यावरून परस्पर गेला तर पूल मोकळा होईल, आणि पुनर्वसनाचा खर्च पुढच्या प्रत्येक रुंदीकरणाच्या खर्चाशेजारी मांडून पाहिला तर महागही वाटणार नाही.